तीन बहिणी आणि एक दासी

(वार्षिक मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण पोटगी, घरातली मारहाण, घराच्या कागदावर बाईचं नाव अशा विषयांवर बोलतोय आणि आता जेवणं झाल्यावर मला तैलचित्रांबद्दल बोलायला उभं केलंय. कुणाला डुलकी लागली तर खुशाल घ्या. पण चहाच्या वेळी एकजण दुसरीला म्हणाली, ते माझ्या कानावर पडलं : "निवृत्त बायकांचे छंद ऐकायला मेळावा भरवलाय का?" तिच्यासाठी तरी मला नीट बोललं पाहिजे.

शाळेत मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकलेच्या परीक्षा दिल्या. तुमच्यातही दिलेल्या पुष्कळजणी असतील. हात वर करा बघू. बघा, अर्ध्याअधिक आहेत! पुढे किती जणींनी रंगाला हात लावला? रांगोळी, रुखवत आणि मुलांच्या शाळेचे तक्ते सोडून सांगा. मलाही चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं. घरात ठरलं की मुलीनं टायपिंग शिकावं. टायपिंगनं मला नोकरी दिली, नोकरीनं माझे पैसे मला दिले, त्यामुळे टायपिंगला मी नावं ठेवणार नाही. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्या महिन्यात एका चित्रकार बाईंच्या वर्गात नाव घातलं.

या बाई पहिल्या दिवशी कुणाला सफरचंद आणि सुरई मांडून देत नाहीत. त्या जाडजूड पुस्तकं समोर टाकतात आणि सांगतात, एक चित्र निवडा, पुढचे सहा महिने त्याची नक्कल करा. वर्गातल्या एका तरुण मुलीला हे फार खटकलं. नक्कल म्हणजे गुलामी, तीही गोऱ्यांची, असं तिचं म्हणणं. तिचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. पण तेलरंगाची ही रीत तिकडून आली, तेव्हा ती कशी चालते ते तिकडच्या चित्रातच शोधावं लागतं. आणि नक्कल करून शिकणं आपल्याकडे काही नवं नाही. १८७२ पासून पुढची काही वर्षं मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्यातल्या बऱ्याचशा १८८५ साली लंडनमध्ये आगीत जळाल्या. मग १९०९ ते १९११ या काळात क्रिस्टियाना हेरिंगहॅम नावाची इंग्रज चित्रकार बाई पुन्हा अजिंठ्याला आली आणि तिनं नव्यानं नकला केल्या. नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार तिच्या मदतीला होते. ही बाई तिकडे बायकांच्या मतदानाच्या हक्काच्या चळवळीतली, मोर्चाचे झेंडे भरतकाम करून देणारी. तिनंच १८९९ साली चेन्निनो चेन्निनी या जुन्या इटालियन चित्रकाराच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला होता. शिकाऊ मुलानं उत्तम गुरूंच्या कामाच्या नकला करत राहावं, असा सल्ला त्या पुस्तकात आहे. मतदानाचा हक्क, अजिंठा आणि तेलरंगाची पाककृती या तीन गोष्टी एकाच बाईच्या आयुष्यात होत्या, हे मला वर्गात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. कुठल्या शाळेत शिकवणार हे?

तर मी निवडलेलं चित्र. इटलीतल्या क्रेमोना गावच्या सोफोनिस्बा अँग्विस्सोला या मुलीनं १५५५ साली काढलेलं, बुद्धिबळ खेळणाऱ्या तिच्या बहिणींचं. मूळ चित्र आज पोलंडमध्ये पोझनानच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ७२ सेंटिमीटर उंच आणि ९७ सेंटिमीटर रुंद. मी अठरा बाय चोवीस इंचांचा कॅनव्हास घेतला. प्रमाण जवळपास तेच राहतं आणि आमच्या गॅलरीच्या दारातून तो आतबाहेर नेता येतो.

चित्रात चारजणी आहेत. मोकळ्यावर एक टेबल, त्याच्यावर गालिचा, गालिच्यावर पट. मागे ओकचं झाड, लांबवर निळसर डोंगर. डावीकडे मोठी ल्युसिया. तिचे हात पटावर आहेत, नजर मात्र थेट आपल्याकडे, जणू खेळ आटोपलाच आहे. उजवीकडे मिनर्व्हा, एक हात उचलून काहीतरी म्हणते आहे. मध्ये धाकटी युरोपा दात दाखवून हसते आहे. त्या काळच्या घरंदाज मुलींच्या चित्रात असं हसू सहसा सापडत नाही. तिथे मुली पाटावर बसवलेल्या नवरीसारख्या बसतात. युरोपाला मात्र मोठ्या बहिणीची फजिती होताना बघायला मिळालीय आणि ती ते लपवत नाही. आणि उजव्या कडेला, मिनर्व्हाच्या मागे, घरात काम करणारी एक वयस्क बाई वाकून डाव बघते आहे.

खेळही कुठला? युरोपात पंधराव्या शतकाच्या शेवटी बुद्धिबळाचे नियम बदलले. आपण ज्याला वजीर म्हणतो त्याला तिकडे राणी म्हणतात. ती पूर्वी तिरकं एकेकच घर चालायची. नव्या नियमात ती उभी, आडवी, तिरकी, हवी तितकी घरं धावायला लागली. लोकांनी या खेळाला पिसाळलेल्या राणीचा खेळ असं नाव ठेवलं. ताकद मिळालेली बाई पिसाळलेलीच, हे सोंगटीलासुद्धा चुकलं नाही! आपल्याकडे भाषेनं तिला वजीरच ठेवलं. पण आपल्याकडेही तीन बहिणी होऊन गेल्यात. वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर. १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धा वासंतीनं जिंकली आणि नंतर काही वर्षं ते विजेतेपद या तिघींच्याच घरात फिरत राहिलं. मी कॅनव्हासवर चौकटी आखत होते तेव्हा सारखी यांची वर्तमानपत्रातली जुनी छायाचित्रं डोळ्यांपुढे येत होती.

आता काम कसं चालतं ते सांगते, कारण खरी मजा तिथेच आहे. छापील चित्रावर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, तितक्याच कॅनव्हासवर आखायच्या आणि एकेका चौकटीतली रेघ उतरवून घ्यायची. भरतकामाचे नमुने आपण असेच मोठे करत आलो. मग बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग टर्पेंटाईनमध्ये पातळ करून सगळ्या कॅनव्हासवर फासायचा आणि जिथे उजेड हवा तिथे सुती चिंधीनं पुसून काढायचा. गाल, कपाळ, हाताची बोटं अशी चिंधीतून वर येतात. दोन दिवस चित्र एकाच तपकिरी रंगात असतं आणि मला तर ते तसंच ठेवावंसं वाटत होतं.

त्यावर थर. तेलरंगाचा एक नियम आमच्या बाई जपासारखा म्हणून घेतात : खाली रूक्ष, वर स्निग्ध. खालच्या थरात तेल कमी, टर्पेंटाईन जास्त. वर जाल तसं तेल वाढवायचं. कारण तेलरंग पाण्याच्या रंगासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. खालचा थर जास्त तेलकट असला तर तो वरच्याच्या मागून सुकत राहतो आणि वरच्याला भेगा पडतात. जवस म्हणजे आपलं चटणीचंच. बाजारातून रंगासाठी आणलेल्या तेलाची बाटली उघडली तेव्हा पहिल्यांदा भाकरीचीच आठवण झाली. एका थराला आठवडा, कधी दोन. म्हणून हे काम बायकांना जमतं असं बाई म्हणतात. तुकड्यातुकड्यानं मिळालेल्या वेळात बसणारं दुसरं कुठलं काम आहे? यात थोडी कडवट गंमत आहे, पण खोटं नाही.

रंगांची वंशावळही सांगण्यासारखी. सोफोनिस्बाच्या काळचा पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा, विषारी. आम्ही टायटॅनियम व्हाइट वापरतो. निळ्यांतला सगळ्यात महागडा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या दगडातून यायचा. लाल म्हणजे हिंगूळ, आणि वरून पातळ पारदर्शक थर द्यायला लाखेचा रंग. ही लाख हिंदुस्थानातून इटलीत जात असे. इंग्रजीत अशा पारदर्शक रंगांना 'लेक' म्हणतात, त्याचं मूळ आपल्याच लाखेत आहे. तेव्हा गोऱ्यांची नक्कल म्हणणाऱ्या आमच्या मैत्रिणीला मी हेही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माल आपला आणि नाव त्यांचं!" यावर मला उत्तर सुचलं नाही, सुचवायचंही नव्हतं.

सोफोनिस्बाबद्दल थोडं. जन्म १५३२ च्या सुमाराचा. सहा बहिणी आणि एक भाऊ. बाप अमिल्काऱे, गावातला खानदानी माणूस, पण सहा मुलींच्या हुंड्याइतका पैसेवाला नाही. त्यानं थोरल्या दोघींना, सोफोनिस्बा आणि एलेना, बर्नार्डिनो काम्पी या चित्रकाराच्या घरी शिकायला ठेवलं. पुढे एलेना मठात गेली. सोफोनिस्बानं शिकलेलं धाकट्या बहिणींना शिकवलं. बापानं १५५७ साली थेट मायकेलअँजेलोला पत्र धाडलं, की तुमचं एखादं रेखाटन पाठवा, माझी मुलगी ते तेलरंगात रंगवून परत पाठवील. म्हणजे ही मुलगीही नकलेतूनच शिकत होती. एका हसऱ्या मुलीचं तिचं रेखाटन बघून मायकेलअँजेलो म्हणाला, की रडणारा मुलगा काढणं याहून अवघड आहे. तिनं खेकड्यासारख्या प्राण्यानं बोट चावलेल्या मुलाचं चित्र काढून पाठवलं.

पुस्तकात या बापाचं फार कौतुक असतं. करावंही. आपल्याकडे अंबिका धुरंधर जे. जे. मध्ये शिकल्या त्या रावबहादूर धुरंधरांच्या कन्या म्हणून, अँजेला त्रिंदाद शिकल्या त्या चित्रकार त्रिंदादांच्या कन्या म्हणून. बाप चांगला निघाला की मुलीच्या हातात कुंचला येतो. पण मला विचाराल तर ज्या कलेचा दरवाजा बापाच्या मर्जीवर उघडतो, तो दरवाजा बंदच समजायचा. क्रेमोनात आणखी किती मुली होत्या आणि त्यांचे बाप कसे होते, याची नोंद कुणी ठेवली नाही. शिवाय बाप कितीही उदार असला तरी उघड्या शरीराचा अभ्यास मुलींना मनाच होता. मोठमोठी धार्मिक आणि पौराणिक चित्रं काढायची तर तो लागतो. मग घरातल्या माणसांचे चेहरे उरले. बहिणी उरल्या, बाप, भाऊ, आई आणि आरसा उरला. ती १५५९ साली स्पेनच्या दरबारी गेली, राणी एलिझाबेथची मानकरी म्हणून. त्या पोरसवदा राणीला चित्रकला शिकवली, राजघराण्याची चित्रं काढली. चित्रांची किंमत मात्र चित्रकाराला मिळावी तशी मिळत नव्हती, भेटी आणि नेमणूक मिळे. दुसऱ्या फिलिप राजाचं तिनं काढलेलं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात कितीतरी काळ सांचेझ कोएयो या पुरुष चित्रकाराच्या नावावर होतं. त्याच संग्रहालयानं २०१९ साली तिचं आणि लाव्हिनिया फोंताना हिचं मोठं प्रदर्शन भरवलं. वाट बघावी लागते!

आता मला जे सांगायचंच आहे ते.

चित्रातल्या पटाच्या कडेवर सोफोनिस्बानं लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय. अर्थ असा, की अमिल्काऱेची कुमारी कन्या सोफोनिस्बा हिनं आपल्या तीन बहिणी आणि दासी यांना प्रत्यक्ष पाहून रंगवलं. तिचं स्वतःचं नाव आहे, बापाचं आहे. बहिणींची नावं पटावर नसली तरी आपल्यापर्यंत पोचली, कारण त्या खानदानी घरातल्या. चौथीचं नाव कुठेच नाही. १५६६ साली व्हासारी त्या घरी गेला होता. त्यानं या चित्राची तारीफ लिहून ठेवली, की माणसं जिवंत वाटतात, फक्त बोलायची बाकी आहेत. ही तर तशीही बोलली नसती.

पण चित्रकार म्हणून सोफोनिस्बानं तिच्यावर कमी कष्ट घेतलेले नाहीत. तिघींच्या अंगावर जरीचं काम आहे, ते फटकाऱ्यांनी आणि ठिपक्यांनी होतं, हाताला सवय झाली की भराभर होतं. म्हातारीचा चेहरा तसा होत नाही. सुरकुतीला रेघ मारून चालत नाही, तिथे उजेडाचा आणि सावलीचा उतार लागतो. माझ्याकडच्या छापील प्रतीत तो कोपरा काळवंडलेला होता. बाई म्हणाल्या, छापील प्रतीतून मिळत नसेल ते जिवंत माणसाकडून घ्या.

आमच्याकडे बरीच वर्षं कामाला येणाऱ्या मावशी आहेत. त्यांचं नाव मी सांगणार नाही, कारण त्यांनीच सांगू नको म्हटलंय. मी त्यांना विचारलं, "मावशी, जरा बसाल का माझ्यासमोर? चेहरा बघायचाय." त्यांनी आधी चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कोपऱ्यातल्या बाईवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही कोण?" मी म्हटलं, त्यांच्याकडे कामाला होती. "नाव?" म्हटलं, माहीत नाही. "बाकीच्यांची माहीत आहेत?" म्हटलं, हो. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बसते. पण ताई, बसायचा वेळ कामात धरायचा. पुढच्या दोन घरी मला उशीर होतो, त्या माझे पैसे कापतात."

सहा दिवस त्या रोज पाऊण तास बसल्या. मी त्यांच्या कामाचा जो तासाचा दर येतो तो काढला, तेव्हा आम्ही दोघींनी मिळून तो पहिल्यांदाच मांडला, कागदावर. महिन्याच्या पगाराला तासांनी भागलं. तो आकडा मी इथे सांगत नाही. घरी जाऊन तुम्ही तुमच्याकडचा काढा. बसल्या बसल्या मावशी बोलायच्या. चार घरं, महिन्याला दोन खाडे, तिसऱ्याला कापणी. पावसाळ्यात गुडघे धरतात. आपल्या राज्यात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या वस्तीतल्या एकीनं नाव नोंदवलं होतं. पण त्या कायद्यानं त्यांना रविवार मिळाला नव्हता.

रविवारचं त्यांनी मागितलं. मी आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या बैठकीत विषय काढला, की कामाला येणाऱ्या सगळ्याजणींना आठवड्याची एक भरपगारी सुट्टी द्यायची. आपल्या संघटनेच्या पावत्या फाडणाऱ्या तिघी त्या बैठकीत होत्या, आज इथेही आहेत, म्हणून जपून बोलते. एकीनं विचारलं, "रविवारीच पाहुणे येतात, मग?" दुसरी म्हणाली, "एकीला दिली की सगळ्या मागतील." सगळ्यांनी मागावी म्हणूनच तर विषय होता! दोन तास वाद झाला. बावीस घरांपैकी नऊ घरांनी मान्य केलं. मावशींच्या चार घरांपैकी दोन त्या नवात आहेत. म्हणजे त्यांचा रविवार अजून अर्धाच आहे, दोन घरी जावंच लागतं. उरलेल्या तेरा घरांत जायचं ठरलंय आणि त्यात मला तुमची सोबत हवी आहे, कारण माझ्याविषयी आता जिन्यात असं बोललं जातं की चित्रं काढायला लागल्यापासून हिच्या डोक्यात काहीतरी शिरलंय.

चित्राचं म्हणाल तर म्हातारीचा चेहरा झाला. गालाच्या सावलीत थोडा हिरवट मातकट रंग, त्यावर येलो ओकर आणि किंचित हिंगुळी, डोळ्याखाली सगळ्यात पातळ थर. तो सोफोनिस्बाच्या दासीसारखा आहे आणि थोडा आमच्या मावशींसारखाही. बाईंना ते चाललं. पटाच्या कडेवरचा मूळ मजकूर मी तसाच लिहिला आहे, नकलेत तो तसाच हवा. कॅनव्हासच्या मागे मूळ चित्रकाराचं नाव, माझं नाव आणि तारीख घातली, म्हणजे उद्या कुणी अस्सल म्हणून विकायला नको. तिथे मावशींचंही नाव घालते म्हटलं, तर त्या ठाम नाही म्हणाल्या. "लोक वाचतील आणि म्हणतील, ही कामाच्या वेळेला बसून राहते. त्यापेक्षा त्या दोन घरांचं बघा."

चित्र अजून ओलंच आहे. वरून कोरडं दिसतं, पण व्हार्निश लावायला सहा महिने ते वर्षभर थांबायचं असतं. तोवर ते भिंतीकडे तोंड करून गॅलरीत आहे, धूळ बसू नये म्हणून.

बाईंनी दर शनिवारी दुपारी आपल्या कार्यालयात वर्ग घ्यायचं कबूल केलंय, फी न घेता. पहिला महिना कॅनव्हासऐवजी जाड पुठ्ठ्यावर काम होईल, दोन हात प्रायमरचे दिले की तो चालतो. ट्यूब पाचच लागतात आणि त्या दोघीतिघींत मिळून घेता येतील. घरून जुन्या सुती साडीच्या चिंध्या आणा, नायलॉनच्या नकोत, त्या रंग पुसत नाहीत. आणि एक सांभाळायचं : जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आतल्या आत तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवायच्या किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवायच्या. कार्यालयात मागच्या बाजूला दोरी बांधलेली आहे.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.